विश्लेषण : मूत्रपिंडाच्या रुग्णांना ‘एमआरआय’चे इंजेक्शन किती धोक्याचे?

एमआरआयच्या वेळी दिल्या जाणाऱ्या ‘कॉन्ट्रास्ट’ इंजेक्शनची मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांना धास्ती वाटते. धोका खरा आहे, पण सरसकट नाही.

इंजेक्शनमध्ये काय असते?

गॅडोलिनियम हा धातू. त्यामुळे गाठी, रक्तवाहिन्या ठळक दिसतात. मोकळे गॅडोलिनियम विषारी असल्याने ते दुसऱ्या रेणूत बांधून देतात. निरोगी मूत्रपिंडे त्यातील बहुतांश भाग २४ तासांत लघवीवाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंडे निकामी असल्यास ते रेंगाळते आणि धातू सुटण्याची भीती वाढते.

धोका कोणता?

‘नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस’. यात त्वचा जाड व कडक होते, सांधे आखडतात. क्वचित मृत्यूही ओढवतो. खात्रीचा उपचार नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये हा आजार प्रथम लक्षात आला. गॅडोलिनियमशी संबंध २००६ मध्ये उघड झाला. २०१० मध्ये अमेरिकेच्या ‘एफडीए’ने अशी तीन औषधे गंभीर मूत्रपिंडविकारात वर्ज्य ठरवली.

आता परिस्थिती काय?

नव्या शिफारशींत वलयाकार, म्हणजे ‘मॅक्रोसायक्लिक’ औषधांना पसंती आहे. ती धातू घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे हा धोका अत्यंत कमी होतो. सर्वाधिक काळजी ‘ईजीएफआर’ ३०पेक्षा कमी असलेल्या, मूत्रपिंड अचानक निकामी झालेल्या आणि डायलिसिसवरील रुग्णांबाबत घ्यावी लागते.

रुग्णांनी काय करावे?

आजाराची माहिती आधीच द्यावी. इंजेक्शन आवश्यक आहे का आणि कोणते, हे विचारावे. अनेक एमआरआय त्याविनाही होतात. डायलिसिसवरील रुग्णांनी तपासणीची वेळ पुढच्या डायलिसिसच्या थोडी आधी ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. मात्र भीतीपोटी गरजेची तपासणी टाळल्यास निदान लांबते. तो धोका अधिक मोठा ठरू शकतो.