सशाची पिले मोजता, दूध कोण मोजणार?



ससेपालनाचा नफा कागदावर मांडणारे वर्षाची वेते आणि पिले मोजतात. मादीच्या दुधाचा रकाना त्यात नसतो. कोरडवाहू घरात धंदा बसतो तो तिथेच, ऐन चैत्र-वैशाखात.

मादी बहुधा दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटे पाजते. ती पिलांजवळ बसत नाही म्हणून तिला दोष देऊ नये. आम्ही सकाळी पिलांची पोटे पाहतो. पोट गोल, तटतटलेले असेल तर ठीक. कातडी सुरकुतली तर पिलू उपाशी. मग आधी पाण्याचे भांडे पाहावे, डोक्यावरचा तापलेला पत्रा पाहावा. गार पाणी, सावली, लसूणघास आणि खुराक मिळाला की बऱ्याचदा दूध वाढते. नुसत्या कडब्यावर ते येत नाही.

सड साधारण आठ. जास्तीची पिले एक-दोन दिवसांच्या फरकाने व्यालेल्या दुसऱ्या मादीखाली द्यावीत. त्यासाठी दोन-तीन माद्या एकाच दिवशी नराकडे न्याव्यात. गाईचे दूध पातळ पडते. त्यात स्निग्धांश ४ टक्क्यांच्या आसपास, सशाच्या दुधात १० च्या वर.

पेण-रोह्याकडे, निडीसारख्या गावात, पावसाळ्यात बांधावर हिरवा पाला मिळतो. आपल्या लसूणघासाला विहीर लागते. ती आटत असेल त्याने माघानंतर मादीला नर दाखवूच नये, गाभणकाळ महिन्याचाच आहे. योजनेचा साहेब वेते मोजत बसला तर बसू द्या.