कड्यावरचं शिवसुमन वाचवू या

सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना आपली नजर वर, दरवाज्याकडे असते. बाजूच्या काळ्या कातळाकडे फारसं कुणी बघत नाही. पण गडाच्या याच कड्यांच्या कपारीत एक झुडूप तग धरून आहे. महाराष्ट्रातल्या मोजक्या कड्यांखेरीज ते जगात कुठेही आपणहून उगवत नाही. त्याचं नाव शिंदळ माकुडी. शिवनेरीच्या कातळावरही ते आहे आणि शिवसुमन हे त्याचं दुसरं देखणं नाव.

शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका. डालझेल या वनस्पतीशास्त्रज्ञाने 1860 च्या दशकात जुन्नरकडच्या डोंगरावरून त्याची नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव त्याला दिलं. सातारचं राज्य 1848 साली खालसा झालं तेव्हा इथे रेसिडेंट होते, तेच हे फ्रियर. पुढे एक वेळ अशी आली की जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींमध्ये आपल्या या शिवसुमनाचं नाव घेतलं जाऊ लागलं.

या वनस्पतीचं जगणं बघण्यासारखं आहे. ती माकडशिंगीच्या गोतातली. माकडशिंगीला नावापुरतीही पानं दिसत नाहीत, हिला मात्र पावसाळ्यात हिरवीगार पानं फुटतात. ऊन तापलं की पानं गळतात आणि जाड, रसाळ खोडात साठवलेल्या पाण्यावर ती उन्हाळा काढते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात तांबड्या-किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुलं येतात. माश्या त्यांचं परागीभवन करतात. शेंग उकलली की रेशमी शेपटीचं बी वाऱ्यावर निघतं आणि नशीब असेल तर दुसऱ्या एखाद्या फटीत जाऊन पडतं. मूठभर मातीही नसलेल्या त्या फटीत नवं रोप उभं राहतं.

ती एकटी नाही. आपल्या कड्यांवर आणि उतारांवर कंदीलपुष्पाच्या जाती आहेत. त्यातल्या काही महाराष्ट्राबाहेर सापडतच नाहीत. त्यांच्या कंदिलासारख्या फुलात माशी शिरते आणि आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकते. केस सुकले की ती सुटते आणि अंगावरचे पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. कड्यांच्या माथ्यावर कास आणि चाळकेवाडीचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, पसरलेत. साताऱ्याचं नाव लावणारा वायतुरा, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस, तिथल्या उथळ पाण्यातला. या वनस्पतीचं वर्णन 1982 साली प्रसिद्ध झालं. कासला 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाचा मान मिळाला आणि गर्दी लोटली. सड्याच्या कडेवरून जो कडा खाली सुटतो, तो मात्र अजून कुणाच्या मोजणीत नाही.

आजवर कड्यानेच या झाडांना वाचवलं. तिथे नांगर पोचला नाही आणि कुऱ्हाडही पोचली नाही. कॅनडातल्या नायगारा परिसरातल्या चुनखडीच्या कड्यांवर 1988 साली हजार वर्षांहून जुनी झाडं सापडली. खोडं बारीक आणि वाकडीतिकडी, म्हणून तोवर कुणी त्यांची दखलच घेतली नव्हती. आपला कडा बेसाल्टचा, पण न्याय तोच.

आता मात्र आपण तिथवर पोचतोय. पायथ्याचा डोंगर खडीसाठी फोडला जातो. माथ्यावर रस्ते, पवनचक्क्या, रिसॉर्ट आलेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वणवा. फेब्रुवारी उजाडला की कुणीतरी काडी टाकतं. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं, हा समज अजून गेलेला नाही. आग उतारावरून कड्याच्या कपारीत चढते. वर्षानुवर्षं एका फटीत जगलेलं झुडूप एका दुपारी करपून जातं. जवळपास दुसरं झुडूप नसेल तर तिथे पुन्हा बी येणार कुठून?

एका झुडपाचं एवढं काय, असं कुणी विचारेल. मग कड्याचंच बघा. आग्या मोहोळं लटकतात ती कड्यांना, आणि त्या माश्या आपल्या सूर्यफुलावर, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर राबतात. पायथ्याच्या कितीतरी वाड्या कड्यातून पाझरणाऱ्या झऱ्यांवर पाणी भरतात. कडा जळला, फुटला तर त्याची झळ पहिल्यांदा आपल्यालाच लागते.

आणि अजून वेळ गेलेली नाही, मंडळी. शिवसुमनाच्या खोडाचा तुकडा लावला तरी तो मुळं धरतो, इतकं ते जिवट आहे. शिरवळजवळ शिंदेवाडीत नौरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने त्याची रोपं वाढवली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाने कंदीलपुष्पं जपली. रोपं तयार होतात. त्यांना परत जायला सुरक्षित कडा हवा, आणि तो काही प्रयोगशाळेत बनत नाही. तो राखायचा आपण, पायथ्याच्या माणसांनी.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. देवराष्ट्र्याच्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांच्या पुढाकाराने लोकांनी सागरेश्वरचं जंगल उभं केलं. त्याचं 1985 साली अभयारण्य झालं. माणसं एकत्र आली की डोंगर बदलतो, हे सांगली जिल्ह्यात घडलेलं आहे.

पण कड्याला झाडं लावायची नाहीत, हेही तितक्याच आग्रहाने सांगायला हवं. पावसाळ्याच्या तोंडावर उत्साहाने सड्यावर आणि कड्याच्या कडेला गुलमोहर, गिरिपुष्प लावलं जातं, बियांचे गोळे फेकले जातात. हेतू चांगलाच असतो. पण उघडा खडक म्हणजे ओसाड जमीन नव्हे. तिथली झाडं उन्हाची आहेत, त्यांना सावली मारते. रोपं गावठाणात, रस्त्याकडेला, बांधावर लावू. खडक तसाच राहू द्या. पाणलोटाचे चर खोदतानाही कड्याची कड सोडून खोदू.

गडसंवर्धनाच्या पोरांना एक विनंती. तुम्ही तटबुरुजांवरची झुडपं काढता, कारण त्यांच्या मुळांनी चिरा निखळतो. ते काम हवंच. पण बांधीव तट संपून नैसर्गिक कातळ सुरू होतो तिथे कोयता थांबवा. दोर लावून कडा उतरणाऱ्यांनी कपारीतली झाडं उपटून वाट मोकळी करू नये. शिवसुमन दिसलं तर फोटो घ्या, वनरक्षकाला दाखवा. नेमकी जागा मोबाईलवर सगळीकडे पाठवू नका, कारण दुर्मीळ झाडं उपटून नेणारेही तो फोटो बघतात.

वणव्यासाठी तर आपणच पुढे व्हायला हवं. दिवाळीनंतर गवत कापून घेतलं तर वैरणही मिळते आणि जळायला काही उरत नाही. वनखात्याच्या जाळरेषा काढायला गावातून दहा-वीस जण गेले तरी कडा वाचतो. धूर दिसला की वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. शिक्षकांनो, काडी कोण टाकतं हे मुलांना बरोबर माहीत असतं. त्यांनी घरी जाऊन आजोबांना समजावलं तर ते ऐकतील.

आणि कागदावरचंही बळ आपल्याकडे आहे. जैवविविधता कायदा 2002 सालचा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी. बऱ्याच गावांची वही कपाटात आहे. ती बाहेर काढू. आपल्या शिवारातला कडा, त्यावरची झाडं, मोहोळं, झरे त्यात लिहू. त्या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळावा, असा प्रस्तावही गावातून निघू शकतो. पुढच्या पावसाळ्यात फुलं आली की जाणकार सोबत घेऊन, दुर्बीण लावून कडा बघू, यादी करू आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडू: या कड्यावर खाण नाही, आग नाही, कुदळ नाही. सरपंचांना आजच सांगून ठेवा की हा विषय अजेंड्यावर घ्यायचा आहे.