पाकिटावर प्रजातीचे नाव हवेच

फळछाटणीपासून आमच्याकडे एकाच तऱ्हेची पत्रे येत आहेत. पिठ्या ढेकणासाठी मागवलेल्या एका पाकिटाचा फोटो समोर आहे. वर छापले आहे, ‘लेडीबर्ड बीटल, १०० नग’. बस्स. आत पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस की दुसरे काही, याचा पत्ता नाही. पुरवठादार म्हणतो, तशी सक्तीच नाही. दुर्दैवाने तो खोटे बोलत नाही. ट्रायकोडर्माच्या पुडीला कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. पण उडून शेजारच्या बागेत जाणाऱ्या, तिथे पिल्लावळ वाढवणाऱ्या जिवंत भक्षकाला ती लागत नाही, मग लेबल कोण तपासणार? परदेशातून आणायचा तर परवाना हवा. इथे वाढवून विकायचा तर कोणी विचारत नाही. ही तफावत कृषी खात्याला दिसत कशी नाही?

ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, म्हटला की मित्रकीटक, एवढ्यावर थांबणाऱ्या अधिकाऱ्यांनी हार्मोनिया ॲक्झिरिडिसचा इतिहास वाचावा. पूर्व आशियातली ही प्रजाती मावा फस्त करते म्हणून अमेरिकेत १९१६ पासून सोडली गेली आणि १९८८ मध्ये लुइझियानात रुजलेली सापडली. युरोपात तर ती विकतच मिळायची. डिवचली की ती पायांच्या सांध्यांतून पिवळे रक्त सोडते आणि त्या रक्तात मेथॉक्सीपायराझिन असते. २००१ मध्ये ऑन्टारिओत घडांत दडलेले हे किडे द्राक्षांबरोबर क्रशरमध्ये गेले. वाइनला शेंगदाण्याचा, हिरव्या मिरचीचा दर्प लागला. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही पुरतात आणि नेहमीच्या फायनिंगने दर्प जात नाही. शिवाय ही प्रजाती अंगात मायक्रोस्पोरिडिया हे सूक्ष्म परजीवी बाळगते. तिला त्यांचा त्रास नाही, पण तेच सात ठिपक्यांच्या ढालकिड्याला टोचले की तो मरतो, हे जर्मन संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले.

कोणी हार्मोनिया पाकिटात भरली, असा आमचा आरोप नाही. ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये आणलेल्या क्रिप्टोलिमसचे उपकार बागायतदार जाणतात. म्हणूनच त्याच्या नावावर भलते काही खपता कामा नये.

बागायतदारहो, खात्याची वाट पाहू नका! शास्त्रीय नाव, प्रयोगशाळा आणि पॅकिंगची तारीख नसलेले पाकीट घेऊ नका. प्रत्येक खेपेतले पाच-दहा किडे सत्तर टक्के अल्कोहोलात ठेवून कृषी महाविद्यालयातून ओळखून घ्या. वाइन द्राक्षवाल्यांनी क्रेट भरताना घड झटकावेत. आणि तालुका संघांनो, ठराव करून जिल्हा कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवा. प्रत आम्हाला द्या, पुढच्या अंकात छापू.