उठलेल्यांच्या घरी दिवा केव्हा?

ज्यांच्या भूमीवर वीज जन्मास येते त्यांच्या घरी ती सर्वांच्या शेवटी पोचते, हा आपल्या राज्याचा साठ वर्षांचा अनुभव आहे. आज जगभर स्वच्छ ऊर्जेचा घोष चालू आहे. गावोगावी छपरांवर निळ्या सौरपाट्या चढत आहेत आणि शासनाच्या योजनांची नावेही दर दोन वर्षांनी नवी होत आहेत. अशा वेळी ही ऊर्जा स्वस्त किती आणि निर्मळ किती, याचा हिशेब पुष्कळ मांडला जातो. ज्यांना आपली घरे सोडावी लागली त्यांना ती मिळते काय, आणि ज्या गावांनी त्यांना शेजारी बसवून घेतले त्या गावांचे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आमच्या मते या सर्व योजनांची खरी कसोटी हाच प्रश्न आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक संस्थेच्या गणनेप्रमाणे 2024 च्या अखेरीस युद्ध, छळ आणि हिंसाचार यांमुळे घर सोडावे लागलेल्यांची संख्या 12 कोटी 30 लाखांच्या वर गेली होती. यांतील बहुसंख्य लोकांना गरीब किंवा मध्यम स्थितीच्या देशांनीच आसरा दिला आहे. धरणासाठी, खाणीसाठी वा कारखान्यासाठी उठवलेली माणसे या मोजणीत येत नाहीत. कायद्याच्या भाषेत निर्वासित वेगळा आणि प्रकल्पग्रस्त वेगळा, हे आम्हांस ठाऊक आहे. एकाला परक्या देशात आश्रय मागावा लागतो, दुसऱ्याला स्वतःच्याच देशात. परंतु नव्या जागी रात्र पडली म्हणजे दोघांपुढची अडचण एकच असते. चूल पेटवायला सरपण कोठून आणावे, आणि दिवा कोणाच्या नावावर मागावा?

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर आरंभ कोयनेपासून करावा लागतो. 1962 साली पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून कोयनेची वीज वाहू लागली आणि राज्याच्या उद्योगांना नवे बळ आले. पाण्यापासून होणारी ती वीज धूर नाही, राख नाही अशी निर्मळ. आज कोयनेच्या सर्व टप्प्यांची मिळून क्षमता 1,900 मेगावॅटहून अधिक आहे. पण या विजेसाठी ज्यांची खोरी शिवसागराखाली गेली ती शंभराच्या आसपास गावे सातारा, सांगली, सोलापूरपासून कोकणापर्यंत विखुरली. त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांच्या पुढील पिढ्यांना पुनर्वसनाच्या जमिनीसाठी आणि साध्या नागरी सोयींसाठी धरणे धरावी लागली. राज्याने पुनर्वसनाचा कायदा केला तो 1976 मध्ये, म्हणजे कोयनेची वीज सुरू होऊन चौदा वर्षे उलटल्यावर. तो 1986 मध्ये नव्याने आणि 1999 मध्ये पुन्हा नव्याने केला गेला. कायदे सुधारले हे खरे, परंतु कायदा होईपर्यंत जी पिढी काळोखात वाढली तिचे बालपण कोणत्या दुरुस्तीने परत येणार?

दुसरे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातले आहे आणि ते अधिक बोधक आहे. नर्मदा जलविवाद लवादाच्या 1979 च्या निवाड्याप्रमाणे सरदार सरोवराच्या विजेतील 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा, आणि त्यासाठी अक्कलकुवा व अक्राणी भागातील 33 गावे बुडिताच्या रेषेत. याच अक्राणी तालुक्यात उदई नदीच्या काठी बिलगाव नावाचे आदिवासी गाव आहे. वीजमंडळाची तार तेथवर पोचलेली नव्हती. नर्मदा बचाव आंदोलनाच्या पुढाकाराने, केरळातील तरुण अभियंत्यांच्या ज्ञानाने आणि गावकऱ्यांच्या श्रमदानाने तेथे नदीच्या धबधब्यावर 15 किलोवॅटचे एक लहानसे वीजकेंद्र उभे राहिले, आणि 2003 च्या आरंभी तेथील पाड्यांत दिवे लागले. आशुतोष गोवारीकर यांच्या 2004 च्या 'स्वदेस' चित्रपटातील वीजनिर्मितीचा प्रसंग याच कामावरून सुचला होता. पुढे 2006 च्या पावसाळ्यात ते केंद्र पाण्याखाली जाऊन निकामी झाले.

पंधरा किलोवॅट म्हणजे शहरातील एखाद्या इमारतीस पुरेल एवढी वीज. तिचे महत्त्व आकड्यात नव्हते. बांध गावाने घातला, देखभाल गावाने करावयाची आणि कोणाच्या घरी किती दिवे हेही गावानेच ठरवावयाचे, अशी ती व्यवस्था होती. घरपट्टी कोणाची, सातबारा कोणाचा, हे तेथे कोणी विचारले नाही. जो राहतो त्याचा दिवा, एवढाच नियम होता. सरकारी योजनांना जे साधत नाही ते एका डोंगराळ गावाला साधले, याचे कारण आमच्या मते या नियमात आहे.

त्याच जिल्ह्यात या कथेची दुसरी बाजूही दिसते. बुडित गावांतील कुटुंबे वसवण्यासाठी 1990 नंतर तळोदे परिसरातील चार हजार हेक्टरांहून अधिक वनजमीन मोकळी करण्यात आली. त्या जमिनीवर आधीपासून काही स्थानिक आदिवासी पोटापुरती शेती करीत होते. एका गरिबाचे पुनर्वसन दुसऱ्या गरिबाच्या ताटातून होऊ लागले तर कडवटपणा अटळ असतो, आणि तसा तो झाला. नव्या वसाहतीत खांब उभे राहिले आणि शेजारच्या जुन्या पाड्यात काळोखच राहिला, तर तो खांबच भांडणाचे निशाण होतो. आलेल्यांना द्या म्हणजे झाले, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. यजमान गावाला सोबत घेतल्यावाचून पाहुण्याचे भले होत नाही.

जगातील अनुभव हेच सांगतो. म्यानमारमधून 2017 च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले आणि कॉक्स बाझारच्या टेकड्यांवर त्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. सरपणासाठी भोवतालची झाडी झपाट्याने उजाड झाली. सरपण आणावयास जाणाऱ्या बायकामुलांवर रानात प्रसंग ओढवू लागले, आणि ज्या शेतकऱ्यांनी आरंभी आपल्या अंगणात त्यांना जागा दिली तेच त्यांच्याकडे संशयाने पाहू लागले. 2018 पासून तेथे स्वयंपाकाचा वायू वाटण्यात आला तो शिबिरातील कुटुंबांना आणि सभोवतालच्या गरीब बांगलादेशी कुटुंबांनाही. वायू हे खनिज इंधनच, त्याला पूर्ण निर्मळ म्हणता येणार नाही. पण त्याने सरपणाची तोड पुष्कळ कमी झाली आणि पुन्हा लावलेल्या झाडांना जगावयास वाव मिळाला. केनियाने तुर्काना प्रांतात कालोबेयी येथे 2016 च्या सुमारास जी वसाहत वसवली, तिची आखणीच निर्वासित आणि स्थानिक या दोघांसाठी एकत्र केली होती. शाळा एक, दवाखाना एक, बाजार एक, आणि सूर्यावर चालणारी विजेची लहान जाळीही दोघांसाठी. आपण शहाणपण परदेशातूनच घ्यावे असे आमचे म्हणणे नाही. बिलगावने तेच शहाणपण आधी दाखवले होते.

आता आमच्या वऱ्हाड-विदर्भाकडे वळू. हा प्रदेश आश्रय देण्यात कधी मागे राहिला नाही. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना 1960 च्या दशकात तत्कालीन चांदा जिल्ह्यात वसवण्यात आले. त्यांची गावे आज चामोर्शी, मूलचेरा भागात गोंड-माडिया गावांच्या शेजारी उभी आहेत. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावनजीक 1972 पासून तिबेटी बांधवांची नोर्गेलिंग वसाहत आहे. अशा वसाहतींना जमीन भाडेपट्ट्याने द्यावी आणि लोककल्याणाच्या योजनांचा लाभ द्यावा, असे केंद्राच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात सांगितले आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात अरुणावतीसाठी गावे उठली, बेंबळ्यासाठी गावे उठली.

आणि नेरसारख्या तालुक्यात वेशीबाहेर पारध्यांचे बेडे आहेत. हे लोक कोणत्या युद्धातून पळून आलेले नाहीत, कोणत्या धरणाने त्यांना उठवलेले नाही. परंतु ज्या समाजावर 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ज्याच्या कपाळावरून तो शिक्का 1952 साली कागदोपत्री पुसला गेला, तो आपल्याच मुलखात पिढ्यान्पिढ्या निर्वासित राहिला. त्यांतील अनेकांच्या पायाखालची जमीन आजही त्यांच्या नावावर नाही.

या घरांना आजच्या योजना काय देतात ते पाहावे. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौरसंचास 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, परंतु त्यासाठी स्वतःचे पक्के छप्पर हवे आणि आधीची वीजजोडणी हवी. राज्याची 'मागेल त्याला सौर कृषीपंप' ही योजना शेतकऱ्याकडून किमतीचा दहावा हिस्सा घेते, अनुसूचित जाती-जमातींकडून विसावा. योजना चांगलीच आहे, पण मागणाऱ्याकडे सातबारा हवा. 2017 ची सौभाग्य योजना घरोघरी जोडणी देण्यासाठी होती, ती मार्च 2022 अखेर संपली. 2023 च्या नोव्हेंबरात आरंभलेल्या जनमन योजनेत आमच्या जिल्ह्यातील कोलाम पोडांचा समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र ती योजना ठरावीक आदिम जमातींपुरती असून पारधी त्या यादीत नाहीत. उज्ज्वला योजनेने 2016 पासून अनेक घरांत वायूची शेगडी आणली. तरी पऱ्हाटीचे भारे आणि तुरीच्या तुराट्या आजही आमच्या गावांत घरोघरी रचलेल्या दिसतात, कारण पहिली टाकी मिळाली तरी दुसरी भरावयास पैसे लागतात. कापूस वेचून आलेली बाई संध्याकाळी पऱ्हाटीच्याच धुरात डोळे चोळत भाकरी थापते.

या सर्व योजनांतून एक सूत्र दिसते. ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला अधिक देण्यास त्या सिद्ध आहेत. ज्याच्याजवळ कागदच नाही, तो त्यांच्या दृष्टीस पडत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो प्रामाणिक लोकांकडूनही येतो. सरकारी जागेवर बसलेल्यास वीज दिली म्हणजे अतिक्रमण कायम झाले, उद्या तेथून कोणास हलवता येणार नाही, असे म्हटले जाते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु कायदा त्याला उत्तर देतो. 2003 च्या वीज कायद्याचे 43 वे कलम जागेच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केल्यास वीज देण्याचे कर्तव्य वितरण कंपनीवर टाकते. भोगवटादार हा शब्द त्यात जाणूनबुजून घातलेला आहे. वीज ही मूलभूत सोय असून तिच्यापासून माणसास वंचित ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये घरमालक व भाडेकरू यांच्या वादात सांगितले. मीटर म्हणजे मालकीहक्काचा दाखला नव्हे. तसे जोडणीच्या कागदावर स्पष्ट लिहून द्यावे आणि दिवा लावावा. जमिनीचा वाद जमिनीच्या न्यायालयात चालेल. तोवर लेकराने अंधारात पुस्तक मिटून ठेवावे, असे कोणताही कायदा सांगत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. त्याला आमचे उत्तर असे की, खरा अपव्यय देण्यात नाही, देऊन विसरण्यात आहे. सौभाग्य योजनेत दूरच्या घरांना दोनशे ते तीनशे वॅटचे सौरसंच, पाच दिवे आणि एक पंखा देण्याची तरतूद होती, आणि दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. पाच वर्षांनी बॅटरी दमते. हमीही तेव्हाच संपते. मग छपरावरची पाटी उन्हात चमकत राहते आणि खाली पुन्हा रॉकेलची चिमणी शोधली जाते. बिलगावला जे उमगले होते ते येथे विसरले गेले. वीज चालवणारा माणूस त्याच वस्तीतला असावा लागतो.

म्हणून आमचे शासनास आणि जिल्हा प्रशासनास स्पष्ट सांगणे आहे. प्रत्येक तालुक्यातील पुनर्वसित गावे, निर्वासित वसाहती, बेडे, पोड आणि तांडे यांची विजेपुरती एक वेगळी यादी करावी, आणि ती तलाठ्याच्या दप्तरावरून न करता प्रत्यक्ष वस्तीत जाऊन करावी. त्रेचाळिसाव्या कलमाखाली भोगवट्याचा साधा पुरावा, म्हणजे शिधापत्रिका किंवा मतदार यादीतील नाव, महावितरणने पुरेसा मानावा. वस्ती आणि यजमान गाव यांच्यासाठी सौरकेंद्र एकच असावे, त्याचा लाभ व देखभाल दोघांच्या संयुक्त समितीकडे असावी, आणि समितीत बेड्याच्या बाईलाही खुर्ची असावी. प्रत्येक केंद्रामागे त्याच वस्तीतील दोन तरुण-तरुणींना तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवून देखभालीचे काम पगारी द्यावे. आणि बॅटरी बदलण्याचा निधी पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवावा.

यातील कोणतीही गोष्ट अशक्य नाही आणि तिच्यासाठी नवा कायदाही लागत नाही. लागते ती नेतृत्वाची दृष्टी. हे काम कोणी पुढे होऊन हाती घ्यावयाचे? मुंबईचे मंत्रालय दूर आहे. आमच्या मते प्रारंभ जिल्हाधिकाऱ्याने आणि ग्रामपंचायतीने करावा. गावातील शिक्षकांनी आणि सहकारी संस्थांनी त्यांना साथ द्यावी. ज्या सरपंचाने आपल्या वेशीबाहेरच्या बेड्यात गावाच्या आधी दिवा लावून दाखवला, त्याच्या गावाचा सत्कार जिल्ह्याने करावा.

यवतमाळात ऊन मुबलक आहे. वर्षातील अनेक महिने ते नकोसे व्हावे इतके असते. हे ऊन सातबारा पाहून पडत नाही. त्यातून निघणारी वीज मात्र सातबारा मागते, ही विसंगती माणसांनी निर्माण केली आहे आणि माणसांनीच ती दूर करावयाची आहे. कोयनेच्या लोकांना आपल्या राज्याने फार वाट पाहावयास लावली. नव्या ऊर्जेच्या या काळात तीच चूक पुन्हा केली, तर पुढच्या पिढीपुढे अज्ञानाची सबबसुद्धा आपल्याजवळ उरणार नाही.