प्राप्तिकर थकल्याचा मेसेज आलाय? ‘डिमांड बरोबर आहे’ म्हणण्याआधी हे वाचा

जालना आणि प्राप्तिकर विभाग हे शब्द एकत्र आले की लोकांना ऑगस्ट २०२२ आठवतो. ‘दुल्हन हम ले जायेंगे’ अशी स्टिकर लावलेल्या लग्नाच्या गाड्या शहरात शिरल्या आणि त्यातून उतरले प्राप्तिकर अधिकारी. स्टील उद्योगाशी संबंधित ठिकाणी छापे पडले, पन्नास कोटींहून अधिक रोकड आणि किलोंच्या हिशोबात सोने सापडल्याच्या बातम्या झळकल्या. नोटा मोजायलाच सुमारे १३ तास लागले म्हणे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या आठवड्यात किती मीम्समध्ये वापरली गेली, याची मोजदाद नाही.

सामान्य करदात्याकडे मात्र वऱ्हाड येत नाही. त्याच्याकडे एक एसएमएस येतो: तुमच्या पॅनवर इतकी रक्कम थकीत आहे. एमआयडीसीतला सुपरवायझर असो, बियाणे कंपनीतला कर्मचारी असो की झेडपीचे गुरुजी, पहिली प्रतिक्रिया सहसा दोनपैकी एक असते. एक तर घाबरून लगेच पैसे भरायचे, नाही तर ‘बघू नंतर’ म्हणून मेसेज डिलीट करायचा. दोन्ही महागात पडू शकतात.

थकबाकी येते कुठून?

तुमचे रिटर्न बंगळुरूच्या केंद्रात संगणक तपासतो. तुम्ही लिहिलेले आकडे आणि विभागाकडचे आकडे जुळले नाहीत, तर कलम १४३(१) ची सूचना येते आणि फरकाची रक्कम ‘डिमांड’ म्हणून दिसू लागते. कधी चूक आपली असते: एफडीचे व्याज दाखवायचे राहिले, नोकरी बदलली आणि एकाच फॉर्म १६ वर रिटर्न भरले. कधी मात्र चूक दुसऱ्याची असते, आणि बिल आपल्या नावावर फाटते.

हे मी स्वतः भोगले आहे. इंजिनीअरिंग संपल्यावर पहिल्या नोकरीत दर महिन्याला पगारातून टीडीएस कापला जात होता. पे-स्लिपवर आकडा स्पष्ट. कंपनीने तो सरकारकडे भरलाच नाही. वर्षभराने १४ हजारांची डिमांड माझ्या नावावर, आणि कंपनीचा एचआर फोन उचलेना. चार वर्षे कोडिंग शिकलेल्या माणसाला २६एएस म्हणजे काय हे त्या रात्री पहिल्यांदा कळले.

२६एएस हे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचे पासबुक समजा. पे-स्लिपवर कपात आहे, पण इथे नोंद नाही, तर घोळ कपात करणाऱ्याचा आहे. अशा वेळी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम २०५ तुमच्या बाजूने आहे: पगारातून कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेसाठी पुन्हा तुमच्याकडे मागणी करता येत नाही. अशा प्रकरणांत करदात्यावर सक्तीची वसुली करू नका, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ आणि २०१६ मध्ये अधिकाऱ्यांना कळवले होते. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये सांगितले की, अशी थकबाकी करदात्याच्या रिफंडमधून वळती करणे चूक आहे.

तरीही संगणक डिमांड काढतोच. कंपनीचा टॅन नंबर विभागाकडे असतो. मग पहिली नोटीस तिला का जात नाही? तीस हजार पगाराच्या मुलाने पे-स्लिपा आणि बँक स्टेटमेंट घेऊन स्वतःचा प्रामाणिकपणा सिद्ध करत बसायचे, ही उलटी व्यवस्था आहे. त्यात ही सूचना बहुतेकांच्या हाती पडते ती इंग्रजीत.

काय करायचे?

आधी मेसेज खरा आहे का ते बघा. लिंकवर क्लिक करू नका. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे ‘डीआयएन’ असतो. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तो तपासता येतो.

खरा असेल तर पोर्टलवर ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आऊटस्टँडिंग डिमांड’ उघडा. इथे घाई नको. ‘डिमांड बरोबर आहे’ असे एकदा कळवले की नंतर असहमती नोंदवता येत नाही. पूर्ण किंवा काही रकमेशी असहमत असाल तर तसे निवडून कारण आणि कागद जोडा. हिशोबाची उघड चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो; मूळ निर्णयच मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील. अपील चालू असताना वसुली थांबवण्यासाठी साधारणपणे वादातल्या रकमेच्या २० टक्के भरायला सांगतात. रक्कम मान्य आहे पण एकदम भरणे जमत नाही, तर हप्ते मागता येतात.

आणि काहीच केले नाही तर? डिमांड नोटिशीनंतरचे ३० दिवस संपले की दरमहा १ टक्का व्याज सुरू होते. १८ हजार थकले तर महिन्याला १८० रुपये. पुढच्या वर्षीचा रिफंड परस्पर वळता होतो. त्यापुढे दंड, बँक खात्यावर टाच आणि वसुली अधिकाऱ्याकडून मालमत्तेची जप्ती. जप्तीलाही मर्यादा आहे: दिवाणी कायद्याने संरक्षण दिलेल्या वस्तू, उदाहरणार्थ कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, कामाची जनावरे, यांना हात लावता येत नाही.

शेतकऱ्यांसाठी एक गोष्ट. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. पण बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँक ती माहिती विभागाला देते, आणि पैसा कुठला अशी विचारणा येऊ शकते. मोसंबी, कापूस विकल्याच्या पट्ट्या फाडून टाकू नका.

रिफंड काढून देणारे

‘फीच्या बदल्यात मोठा रिफंड मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांबच राहा. खोट्या देणग्या, खोटे घरभाडे दाखवणाऱ्या अशा एजंटांविरुद्ध जुलै २०२५ मध्ये देशभरात सुमारे १५० ठिकाणी तपासणी झाली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले होते. एजंट कमिशन घेऊन मोकळा. रिटर्न तुमच्या पॅनवर, त्यामुळे कर, व्याज आणि दंडही तुमच्याच नावावर.

जुन्या किरकोळ थकबाकीबाबत सरकारने २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात शहाणपणा दाखवला. २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या मागे घेतल्या. तुमच्या पोर्टलवर त्या काळातली रक्कम अजून दिसत असेल तर विचारणा करा. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा असला, तरी मागच्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कलमांखाली चालतात.

माझ्या १४ हजारांचे काय झाले? असहमती नोंदवली, बारा पे-स्लिपा जोडल्या, तक्रार केली. सात महिने ‘प्रोसेसिंग’ दिसत राहिले. मग एके दिवशी आकडा शून्य झाला. कसलाही मेसेज आला नाही.