‘चालते आहे ना?’ : एका घातक समजुतीचा समाचार

नव्या वस्तूच्या उद्घाटनाची हौस आणि जुन्या वस्तूच्या डागडुजीचा कंटाळा, हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे दोन जुने दोष होत. पहिल्या कामासाठी मांडव पडतो, हारतुरे येतात, भाषणे होतात. दुसऱ्या कामासाठी अंदाजपत्रकात एक ओळही सापडत नाही. रस्ता, विहीर, शाळागृह यांच्या बाबतीत या कंटाळ्याचे फळ निदान डोळ्यांना दिसते. भिंत पडण्यापूर्वी तिला तडा जातो व तो येणाऱ्याजाणाऱ्यास दिसतो. परंतु ज्या संगणकांवर आज आपली ठेव, आपला सातबारा, आपल्या मुलांच्या गुणपत्रिका आणि आपल्या रुग्णांचे कागद विसंबून आहेत, त्यांच्या सॉफ्टवेअरला गेलेला तडा दोघांनाच दिसतो : जो तो बुजवावयास बसला आहे त्याला, आणि जो त्यातून आत शिरू पाहतो त्याला. यांपैकी पहिल्याचे हात बांधून ठेवून दुसऱ्याची वाट मोकळी करण्याचा उद्योग आपल्याकडील बँका, पतसंस्था, नगरपालिका व महाविद्यालये आज किती निश्चिंतपणे करीत आहेत, याचा विचार सुज्ञ वाचकांनी करावा.

पुष्कळांस असे वाटते की सॉफ्टवेअर म्हणजे पडद्यावर दिसते तेवढेच. वस्तुतः त्या पडद्यामागे सॉफ्टवेअरचा दुसरा एक वर्ग काम करीत असतो. कोणास कोणता अधिकार द्यावयाचा, नोंदींच्या प्रती कोठे ठेवावयाच्या, नवा प्रोग्रॅम एकाच वेळी शंभर यंत्रांवर कसा बसवावयाचा, हा सारा कारभार त्याच्या हाती असतो. वाड्यातील एका खोलीचे कुलूप बिघडले तर एक खोली जाते. कारभाऱ्याच्या किल्ल्यांचा जुडगाच चोरास सापडला तर सारा वाडा जातो. म्हणून या वर्गातील दोष इतर दोषांहून अधिक भयंकर समजले पाहिजेत.

असे दोष काही आळशी माणसांच्याच हातून घडतात असेही नाही. सर्व्हरवर सामान्य वापरकर्त्यास नेमून दिलेल्या कामापुरता धन्याचा अधिकार देणारा ‘सुडू’ नावाचा एक प्रोग्रॅम जगभर वापरला जातो. त्याची मूळ लिखावट कोणासही वाचता येते. तरीही २०११ च्या जुलैत तीत शिरलेली एक चूक जवळजवळ दहा वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही. यंत्रावर साधा प्रवेश असलेला कोणीही तिच्या आधारे धनी होऊन बसू शकत होता. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी ती हुडकून काढली व २६ जानेवारी २०२१ रोजी दुरुस्तीसह ती जाहीर झाली. मनुष्याने लिहिलेल्या वस्तूत दोष राहावयाचाच. त्याबद्दल कोणास फासावर द्यावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु दोष कळला, औषध तयार झाले, ते फुकट मिळू लागले, आणि तरीही ते घेतले नाही, तर त्या प्रमादास क्षमा कोणती?

याचे उदाहरण आपल्याच देशात, आपल्याच काळात घडले आहे. सर्व्हरवरील कामे आपोआप करविणारे ‘जेन्किन्स’ नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. त्यास आज्ञा देताना ‘@’ हे चिन्ह व त्यापुढे एखाद्या फायलीचा पत्ता लिहिला, की त्या फायलीतील मजकूर परक्यासही वाचता येई, असा दोष त्यात आढळला. २४ जानेवारी २०२४ रोजी जेन्किन्सच्या कर्त्यांनी तो स्वतः जाहीर केला आणि त्याच दिवशी दुरुस्तही करून दिला. पुढे ३१ जुलै २०२४ रोजी, लहान बँकांना संगणक-सेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याचे उघडकीस आले. सुमारे ३०० लहान बँका देशाच्या देयक-व्यवस्थेपासून तोडून ठेवाव्या लागल्या. त्यांत सहकारी व ग्रामीण बँकांचा भरणा होता. हल्लेखोर एका सहयोगी कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरमधून, याच जुन्या छिद्रावाटे शिरले, असा निष्कर्ष बंगळूरच्या क्लाउडसेक या संस्थेने काढला. म्हणजे औषध निघून सहा महिने लोटले होते! दुसऱ्या दिवशी व्यवहार पूर्ववत झाले, आणि देशाच्या एकंदर उलाढालीत या बँकांचा वाटा अगदी अल्प होता, हे खरे. परंतु जुलैअखेर म्हणजे डवरणीचे व खताचे दिवस. ज्याचे सारे पैसे अशा एकाच बँकेत आहेत, त्यास देशाच्या उलाढालीचे प्रमाण सांगून काय उपयोग?

यावर आमच्या संस्थाचालकांची उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर, “चालते आहे ना? मग हात कशास लावता?” हे उत्तर वऱ्हाडात शोभत नाही. कपाशी वर आली म्हणून डवरणी थांबविणारा शेतकरी अकोल्यापासून अमरावतीपर्यंत दाखवून द्यावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी जिनाची यंत्रे उघडून पाहिल्याशिवाय शहाणा जिनवाला पहिली गाडी आत घेत नाही. मग लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या यंत्रालाच एवढा विश्वास कशासाठी?

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे, व त्यास डावलणे अप्रामाणिकपणाचे होईल. “दुरुस्तीनेच यंत्र बंद पडते,” असे म्हणतात. पडते, यात शंका नाही. त्याच २०२४ च्या जुलैत, १९ तारखेस, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. परंतु यातून काय सिद्ध होते? दुरुस्ती आधी एका यंत्रावर बसवून पाहावी, मग दहांवर, मग सर्वांवर. जुन्या स्थितीस परतण्याची वाट राखावी, आणि नोंदींच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात, एवढेच. एका वैद्याच्या मात्रेने अपाय झाला म्हणून रोग्याने औषधच सोडावे, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही.

तिसरे उत्तर, “हे काम कंत्राटदाराचे, आमचे नव्हे.” या उत्तराची परिणती पाहावयाची असेल तर मूर्तिजापूर स्टेशनावर जावे. तेथून एकीकडे अचलपूर व दुसरीकडे यवतमाळ यांना जोडणारी, वऱ्हाडच्या कापसासाठी घातलेली ‘शकुंतला’ ही अरुंद रुळांची गाडी धावत असे. रूळ एका खासगी कंपनीचे, गाड्या चालविणार सरकारी रेल्वे, आणि देखभाल कोणाची याबद्दल वाद! एखाद्या भयंकर अपघाताने ती गाडी संपली नाही. मालक एक, चालविणारा दुसरा आणि दुरुस्त करणारा कोणीच नाही, या अवस्थेत रुळांची दुर्दशा होऊन तिचा वेग मंदावत गेला व अखेर ती थांबली. बँक सेवा-कंपनीकडे बोट दाखविते, सेवा-कंपनी सहयोग्याकडे, सहयोगी कोणा नोकराकडे. या साखळीचे टोक कोठे आहे हे ठेवीदारास कळत नाही, चोरास मात्र कळते. काम कंत्राटाने देता येते, जबाबदारी देता येत नाही, हे तत्त्व संचालक मंडळांनी आपल्या सभागृहात टांगून ठेवावे.

चौथी गोष्ट उत्तर नव्हे, प्रवृत्ती आहे, आणि ती आम्हांस सर्वांत लज्जास्पद वाटते. “तुमच्या संकेतस्थळाचे दार उघडे राहिले आहे,” असे कोणी विद्यार्थ्याने कळविले, तर त्याचे आभार मानण्याऐवजी त्यालाच दरडावण्याकडे आपला कल असतो. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा २००० च्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असावाच. परंतु दुरून धूर पाहून हाक मारणारा व आग लावणारा यांत भेद न करणारे गाव फार काळ नांदत नाही. आपली फजिती झाकण्याची वृत्ती इतकी प्रबळ, की अशी घटना कळताच सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेस कळविण्याचे बंधन सरकारला २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने घालावे लागले.

मग करावे काय? आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक संस्थेने आपल्याजवळ कोणते सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्तीचे आहे याची यादी ठेवावी. जे आहे हेच ठाऊक नाही ते दुरुस्त कोण करणार? महिन्यातील एक दिवस दुरुस्तीसाठी राखावा, व गंभीर दोषासाठी त्या दिवसाचीही वाट पाहू नये. प्रती नुसत्या ठेवू नयेत, त्यांतून काम पुन्हा उभे राहते की नाही हे वर्षातून दोनदा करून पाहावे. दोष कळविणाऱ्यासाठी एक पत्ता जाहीर करावा आणि त्यास अभय द्यावे. खरेदीच्या रकमेबरोबरच देखभालीची रक्कम मंजूर झाल्यावाचून कोणताही ठराव संमत करू नये. अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही आपली दृष्टी बदलावी. अखेरच्या वर्षी नवे ॲप रचून दाखविणाऱ्यांची उणीव नाही. परंतु दुसऱ्याने लिहिलेल्या, हजारोंच्या उपयोगात असलेल्या सॉफ्टवेअरमधील एक दोष शोधून तो निस्तरल्याबद्दल कोणास गुण मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ते मिळू लागतील त्या दिवशी या विद्येत आपण खरोखर प्रौढ झालो असे आम्ही समजू.

अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या ज्या सत्पुरुषाचे नाव येथील विद्यापीठास दिले आहे, त्या गाडगेबाबांनी आधी गाव झाडावे आणि मग कीर्तनास उभे राहावे, हा क्रम कधी मोडला नाही. आपण त्यांची तसबीर भिंतीवर लाविली आणि क्रम उलटा केला : कीर्तन रोज चालू आहे, खराटा मात्र कोपऱ्यात पडून आहे. तो उचलणाऱ्या त्या संगणक-व्यवस्थापकास, सर्व जण झोपले असता मध्यरात्री दुरुस्ती बसवीत बसणाऱ्या त्या मनुष्यास, पुरेसा पगार, पुरेसा वेळ आणि ‘आज यंत्र एक तास बंद राहील’ असे सांगण्याचा अधिकार द्या. त्याचे यश कोणास दिसणार नाही, कारण काहीही न घडणे हेच त्याचे यश आहे.