‘असं झालं असतं तर’मधल्या बायका

पानिपत जिंकलो असतो तर? मराठी माणसाचा हा आवडता खेळ. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पुष्कळ जणींनी वाचली असेल. तिच्यात विश्वासराव वाचतात, मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा इतिहास बदलतो. गोष्ट उत्तम आहे, माझं भांडण तिच्याशी नाही. पारावर आणि व्याख्यानमालेत ज्या गप्पा चालतात त्यांच्याशी आहे. तिथे दिल्लीचं तख्त कुणाला मिळालं असतं, इंग्रज टिकले असते का, एवढंच विचारलं जातं. बाई येते ती बांगडीपुरती. ‘लाख बांगडी फुटली’ म्हणजे मेलेले पुरुष मोजायला बायकांचे हात!

पण पानिपतावर बायका स्वतः होत्या. कुणी कुटुंबकबिल्यात, कुणी यात्रेच्या ओढीनं, कुणी चाकरीला. १४ जानेवारी १७६१ नंतर त्यांतल्या हजारो जणी गुलाम म्हणून नेल्या गेल्या. समजा, मराठे जिंकले असते. गुलामी संपली असती? पेशवाईत कुणबिणी, बटकी विकत मिळत होत्या. ‘बदकर्मा’चा ठपका आला की सरकारच बाईला बटीक करत असे. जिंकलो असतो तर हीच रीत दिल्लीपर्यंत गेली असती, असं मला वाटतं. (सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाई मात्र ‘असतं तर’ खरोखर जगल्या. नवरा जिवंत आहे म्हणत १७८३ साली मरेपर्यंत त्यांनी कुंकू पुसलं नाही. पेशव्यांच्या घरात ते खपलं. एखाद्या भिक्षुकाच्या विधवेचं कुणी खपवून घेतलं असतं?)

आम्हा लातूरकरांना तर कल्पनाही करायला नको. पानिपताच्या आदल्याच वर्षी, १७६० मध्ये, भाऊंनी इथे उदगिरीला निजामाला हरवलं, साठ लाखांचा मुलूख मिळवला. एवढी जिंकलेली लढाई, तरी उदगीर १९४८ पर्यंत निजामाकडेच होतं.

त्या १९४८चाही खेळ आहे. दर १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या भाषणांत, तो ऐकावा लागतो. ‘पोलीस अ‍ॅक्शन झाली नसती, रझाकार जिंकले असते, तर आपल्या आयाबहिणींचं काय झालं असतं?’ कासिम रझवी लातूरलाच वकिली करायचा, त्यामुळे इथे या वाक्याला टाळ्या जास्त. रझाकारांनी गावं जाळली, बायकांवर अत्याचार केले, हे खरंच आहे. निजामाचं राज्य गेलं ते फार बरं झालं. पण रझाकार हरल्यावर काय झालं?

नेहरूंच्या सरकारनं पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती १९४८च्या नोव्हेंबर-डिसेंबरात इकडे फिरली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त कहर झाला, असं तिचा अहवाल सांगतो. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं, उदगीर बीदरमध्ये. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं गेली असा तिचा अंदाज. बहुतेक मुसलमान. बायकांवर बलात्कार झाले, त्यांना पळवलं, काहींना पार सोलापूर-नागपूरकडे नेलं, हेही त्यात नोंदलेलं आहे. अहवाल कित्येक दशकं दडपून ठेवला गेला.

म्हणजे न झालेल्या पराभवातल्या बायकांसाठी आपण दरसाल गहिवरतो आणि झालेल्या विजयातल्या बायकांचं नावही घेत नाही. त्या ‘आपल्या’ नव्हत्या ना! आणि ज्या ‘आपल्या’, त्यांचं तरी काय? आयाबहिणींचं तेच वाक्य पुढे मुलीच्या एसटीनं कॉलेजला जाण्यावर, तिच्या मोबाईलवर, तिनं कुणाशी लग्न करायचं यावर पहारा बसवायला वापरलं जातं. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या मुलींच्या घरी ते मी कितीदा तरी ऐकलंय.

मैत्रिणींनो, तेव्हा दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुली आता नव्वदीच्या घरात आहेत. येत्या १७ सप्टेंबरच्या आत आपापल्या गावात त्यांच्याकडे जाऊया. हिंदू, मुसलमान, दलित, सगळ्यांच्याच घरी. कोण जिंकलं ते विचारायला नको. रात्री कुठे लपत होता, कुणी आसरा दिला, कुठल्या विहिरीचं पाणी बंद झालं, कोण परत आलं नाही, ते विचारू. आजीला सांगायचं नसेल तर आग्रह करायचा नाही. आणि घरातल्या पुरुषांना तेवढा वेळ बाहेर बसवायचं.